अमरवेलीचा काढा ‘साखरेचा जीन’ खात नाही

कागलकडच्या आमच्या मामांनी मधुमेहाची गोळी सोडलीय आणि अमरवेल उकळून प्यायला सुरुवात केलीय. कारण व्हॉट्सॲपवरचा मेसेज. तो असा: अमरवेल आणि टारफुला (उसाच्या मुळावर जगणारं तण) दुसऱ्या झाडांचे जीन चोरतात, हे परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, म्हणून अमरवेलीचा काढा शरीरातला साखरेचा जीन शोषून घेतो, टारफुला लागलेला ऊस जीएम (म्हणजे जीन बदललेला) होतो, त्याचा गूळ खाऊ नका, त्या रानातलं बेणं नेऊ नका, कंपन्या हे लपवतात. फोन केला तर मामा म्हणतात, “शास्त्रज्ञांनीच सांगितलंय की रं, तू काय त्यांच्यापेक्षा शहाणा?”

आधी काढा. अमरवेलीला धड पानं नाहीत, मोठ्या वेलीची मुळं जमिनीत नसतात. ती दुसऱ्या झाडाच्या खोडाला विळखा घालते, शोषक मुळं आत घुसवते आणि दोघांच्या रसवाहिन्या जोडल्या जातात. जे काही जातं-येतं ते या जिवंत जोडातून. पातेल्यात उकळल्यावर जोडही राहत नाही आणि जिवंत पेशीही. मग ती मामांच्या पोटात शोषणार काय? उलट तीच पचणार. शिवाय ‘साखरेचा जीन’ असा एक कुठे बसलेला नाही, की तो उपटला आणि मधुमेह गेला. टाइप २ मधुमेहामागे शेकडो जनुकीय फरकांचा थोडा थोडा हात असतो, वर वजन आणि खाणंपिणं. आयुर्वेदात अमरवेल आहे, मान्य. जीन शोषायला नाही.

खरी भीती वेगळीच. अमरवेल ज्या झाडावर वाढते त्याची द्रव्यं तिच्यात उतरतात. ल्युपिन नावाच्या झाडावर वाढवलेल्या अमरवेलीत ल्युपिनचे विषारी अल्कलॉइड सापडले आहेत. आपल्याकडे कुंपणाला कण्हेर सर्रास असते, आणि कण्हेरीचं विष हृदयावर जातं. वेल कशावरून ओढली, विचारलं, तर मामा म्हणाले, “कुंपणावरनं.” घ्या!

आता ‘जीन चोरतात’ हे. नाइलाजाने सांगतो, हे खरं आहे. 2019 साली ‘नेचर प्लांट्स’ या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतल्या पेन स्टेट, व्हर्जिनिया टेक वगैरे विद्यापीठांच्या संशोधकांनी अमरवेलीच्या एका जातीत यजमान झाडांकडून (ज्यांच्यावर ती जगते त्यांच्याकडून) आलेले 108 जीन दाखवले. त्यांतले काही शोषक मुळं घडवण्याच्या कामातही वापरले जातात, म्हणजे चोरीचाच माल चोरीच्या कामाला. टारफुल्याच्या आफ्रिकेतल्या भाईबंदात ज्वारीसारख्या गवताचा जीन असल्याचं तर 2010 सालीच ‘सायन्स’मध्ये आलं होतं. पण ही चोरी लाखो वर्षांतली आहे. एखादा तुकडा चुकून आत आला, बीजापर्यंत पोचला, पिढ्यान् पिढ्या टिकला, तेव्हा कुठे तो मोजण्यात आला. मेसेजवाल्याचा घोळ बहुतेक दुसऱ्याच शोधावरून झालाय. 2014 साली असं दिसलं की अमरवेल आणि यजमान यांच्यात हजारो आरएनए रेणूंची (जीनवरून उतरवलेल्या निरोपांची) ये-जा चालते. ते जिवंत जोडातून जाणारे निरोप. निरोप आला म्हणून कुणाचा जीन बदलत नाही.

गुळाचं तर डोकंच फिरवणारं आहे. त्या 108 जीनांची दिशा बघा: यजमानाकडून परोपजीवीकडे. उलट्या वाटेची उदाहरणं आहेत, पण मोजकी आणि तीही फार जुनी. त्यात टारफुला चिकटतो उसाच्या मुळाला आणि आपण लागण करतो कांडीच्या डोळ्यापासून. मुळातल्या एखाद्या पेशीत काही शिरलंच, तरी ते डोळ्यात कसं येणार? आणि गूळ म्हणजे काहिलीत शंभर अंशांच्या वर आटवलेला रस. त्यात डीएनएचे तुकडे उरले तरी काय? भाकरीतही ज्वारीचा डीएनए असतो, म्हणून आपण ज्वारी झालो नाही.

कंपन्या लपवतात म्हणे. जगातल्या नामांकित नियतकालिकांत छापून?

राहिलं बेणं. सल्ला बरोबर, कारण साफ चूक. टारफुल्याचं बी धुळीइतकं बारीक. एका झाडाला हजारोंनी लागतं, दहा-दहा वर्षं मातीत पडून राहतं आणि यजमानाच्या मुळातून ठरावीक रसायन पाझरलं की उगवतं. ते बेण्याला लागलेल्या मातीतून, ट्रॅक्टरच्या चाकातून, पाटाच्या पाण्यातून पुढच्या रानात जातं. तेव्हा बेणं स्वच्छ घ्या, आणि उसाच्या बुडाला टारफुला दिसला की फुलायच्या आधी उपटा. फूल येऊन बी पडल्यावर उपटून उपयोग नाही.