पेटंट म्हणजे नुसती मक्तेदारी नाही हो

पेटंटवरच्या या लेखात म्हटलंय की पेटंट नसती तर कोणी शोधच लावले नसते, हे जरा जास्तच झालं. चाक काय पेटंट घेऊन आलं का? पण खाली प्रतिक्रियांमध्ये लोक पेटंटच रद्द करा म्हणतायत तेही पटत नाही, कारण पेटंटचा खरा फायदा वेगळाच आहे, शोध लावणाऱ्याला त्या शोधावर २० वर्षं एकट्याचा हक्क मिळतो पण त्या बदल्यात शोध कसा चालतो ते सगळं लिहून जाहीर करावं लागतं. नाहीतर काय होतं बघा, १७ व्या शतकात चेंबरलेन नावाच्या डॉक्टर घराण्याकडे अडलेल्या बाळंतिणीला सोडवायचा चिमटा होता, फोर्सेप्स, तो त्यांनी शंभरेक वर्षं घरातच लपवून ठेवला! किती बायका गेल्या असतील तेवढ्यात.

कॉपीराइटचं, म्हणजे लेखकाच्या लिखाणावरच्या हक्काचं, मात्र अतीच झालंय. इंग्लंडच्या १७१० च्या कायद्यात नव्या पुस्तकाला १४ वर्षं होती, लेखक जिवंत असेल तर अजून १४. आता अमेरिका युरोपात लेखक गेल्यावरही ७० वर्षं. मेलेला माणूस आणखी कादंबऱ्या लिहिणारे का? पणतवंडांची सोय झाली फक्त.