जुन्या बॅटरीवर चार खोल्या, बिल शून्य? आधी अँपिअर मोजा

"गाडीची जुनी बॅटरी भंगारात देऊ नका! 12 व्होल्टच्या एलईडी पट्ट्या आणा, घरात पडलेली वायर वापरा, घरच्याच बोर्डाला जोडा. चार खोल्या रात्रभर उजेड. शॉक नाही, आगीची भीती नाही, वायरमन नको, लाइटबिल शून्य."

पावसाळा तोंडावर आला की हा मेसेज सोसायटीच्या, गावच्या, नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. खाली कुणीतरी 'खूप उपयुक्त माहिती' म्हणून हात जोडलेले असतातच.

मूळ कल्पना वाईट नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी बॅटरीवर थेट चालणारे दोन दिवे इन्व्हर्टरपेक्षा जास्त रात्री पुरतात, कारण दिवे लहान असले तर इन्व्हर्टर स्वतःच त्यांच्याइतकी वीज खाऊन बसतो. पण मेसेजमध्ये ज्या पद्धतीने हे करायला सांगितलंय ती धोक्याची आहे. व्होल्ट कमी केले की तेवढ्याच उजेडासाठी अँपिअर, म्हणजे वायरीतून वाहणारा करंट, वाढतात, आणि मेसेजमध्ये अँपिअरचं नावच नाही.

"शॉक नाही." हे खरं आहे. कोरड्या हाताला 12 व्होल्ट जाणवतही नाहीत. मेसेजमधलं निखळ खरं वाक्य एवढं एकच.

"आगीची भीती नाही." इथे मात्र कपाळाला हात लावावा. हीच बॅटरी सेल्फ मारताना स्टार्टरला शंभरावर अँपिअर देते. वायर भिंतीत कुठे चेपली, उंदराने कुरतडली किंवा कपाटाच्या पायाखाली आली, की तीच ताकद त्या वायरीत उतरते. अर्ध्या स्क्वेअर एमएमची फ्लेक्स वायर बॅटरीपासून मीटरभरावर शॉर्ट झाली, तर तिच्यातून शंभरावर अँपिअर जाऊ शकतात. वरचं पीव्हीसी काही क्षणांत वितळून पेट घेतं. आणि घरचा एमसीबी (शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही, कारण ही वायर त्याच्यातून गेलेलीच नाही. उपाय स्वस्त आहे: गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा 5 अँपिअरचा ब्लेड फ्यूज, होल्डरसकट, बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. खोलीच्या टोकाला लावलेला फ्यूज आधीच्या वायरीला वाचवत नाही. आणि जोडणी करताना हातातली अंगठी, धातूचं कडं काढून ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलना एकदम टेकला तर तो चिकटतो आणि लाल होतो. अंगठीचंही तेच होईल.

"घरात पडलेली वायर वापरा." चार खोल्यांत नऊ-नऊ वॉटचे दिवे धरू. 36 वॉट, म्हणजे 12 व्होल्टवर 3 अँपिअर. बॅटरी गॅलरीत आणि दिवे 10 मीटरवर असतील तर जाऊन-येऊन 20 मीटर तांबं झालं. अर्ध्याच्या वायरीत एवढ्या अंतरात जवळजवळ 2 व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरी थोडी उतरलेली असेल तर टोकाला पोहोचतात जेमतेम 10, आणि पट्टी मिणमिणते. मग लोक म्हणतात, पट्टी डुप्लिकेट निघाली. त्याच वायरीवर 230 व्होल्टचे 36 वॉट लावा, गळती एका व्होल्टच्या दहाव्या भागाएवढी, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. 12 व्होल्टला मेन लाइन अडीच स्क्वेअर एमएमची घ्या, गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते. त्याहून सोपं म्हणजे बॅटरी घराच्या मधोमध ठेवा.

पट्ट्यांबद्दलही सांगायला हवं, कारण गणपतीच्या मखराला वापरलेली पट्टीच बहुतेक जण इथे लावतात. दर मीटरला 60 मोठे एलईडी असलेली पट्टी मीटरला 14 वॉटच्या आसपास खाते. पाच मीटरचं अख्खं रीळ म्हणजे 70 वॉट, 6 अँपिअर. शिवाय तिच्यात तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साधी रचना असते, करंट धरून ठेवणारं काही नसतं. बॅटरी चार्जिंगवर असताना व्होल्टेज 14.4 पर्यंत चढतं, आणि वरचे अडीच व्होल्ट सगळे त्या रेझिस्टरवर येतात. करंट दुपटीकडे जातो, पट्टी तापते, महिन्या-दोन महिन्यांत मधले तुकडे काळे पडतात. ड्रायव्हर, म्हणजे करंट धरून ठेवणारं सर्किट, असलेला 12 व्होल्टचा बल्ब घ्या. त्याला 11 काय नि 14 काय, सारखंच.

"घरच्याच बोर्डाला जोडा." हे एक वाक्य वाचूनच मेसेज डिलीट करावा. लाइट गेली म्हणून मेन स्विच पाडून कुणी घरच्या वायरिंगमध्ये बॅटरी घुसवली आणि दुसऱ्याने नकळत मेन वर केला, तर 230 व्होल्ट थेट त्या टर्मिनलवर. हात तिथेच असेल तर? बाजारात 12 व्होल्टचे बल्बही नेहमीच्या होल्डरात बसतील अशाच टोपणाचे मिळतात. घरातल्या कुणी तो चुकून बाथरूमच्या होल्डरात लावला, तर फुटलाच समजा. म्हणून 12 व्होल्टच्या वायरीला वेगळी केसिंग, वेगळा रंग, वेगळा सॉकेट द्या. घरच्या पाइपातून ती ओढायची नाही. बटणं मात्र साधी चालतात. डीसीला (बॅटरीच्या विजेला) खास स्विच लागतोच असं काही जण घाबरवतात, पण 12 व्होल्ट आणि दोन-तीन अँपिअरला ठिणगी तग धरत नाही.

"चार खोल्या रात्रभर उजेड." सेल्फ न मारणारी बॅटरी 3 अँपिअर देईलही, त्यामुळे पहिल्या रात्री मेसेज खरा वाटतो. पण गाडीच्या बॅटरीच्या प्लेट पातळ असतात. झटक्यात भरपूर करंट द्यायचा आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचं, यासाठी ती बनवलेली असते. रोज रात्री तळ गाठला की ती लवकरच बसते. नवी 35 अँपिअर-अवरची (1 अँपिअरने 35 तास पुरणारी) धरली आणि निम्मीच वापरली, तरी 36 वॉटला सहा तास होत नाहीत. जुनीचं काय बोलायचं? आणखी एक तपासा: चार्ज करून रात्रभर सोडल्यावर मीटरने 10.5 च्या आसपास दाखवलं तर सहापैकी एक सेल गेलाय. अशी बॅटरी चार्जरला कधीच भरल्यासारखी वाटत नाही, म्हणून तो करंट ढकलत राहतो, बाकीचे सेल उकळतात आणि हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. बंद कपाटात, माळ्यावर किंवा समई लागते त्या देवघराखाली बॅटरी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रोजच्या वापराला इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी घ्या, किंवा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असलेली लिथियम फॉस्फेट, तिच्याच चार्जरसकट. लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर कुठल्याच बॅटरीला थेट लावायचा नाही.

"लाइटबिल शून्य." 36 वॉट रोज पाच तास, म्हणजे महिन्याला साडेपाच युनिटही नाहीत. युनिटला दहा रुपये धरा, 54 रुपये. बॅटरी घरच्या विजेवरच चार्ज केली तर चार्जर आणि बॅटरी दोघं वाटेत आपापला हिस्सा काढतात, म्हणजे बिल थोडं वाढेलच. सौर पॅनेल लावलं तरी वाचणार तेच 54 रुपये, आणि काही वर्षांनी नवी बॅटरी हजारांत. पॅनेललाही चार्ज कंट्रोलर लागतो, कारण '12 व्होल्टचं' म्हणून विकलं जाणारं पॅनेल उन्हात मोकळं असताना 21-22 व्होल्ट दाखवतं. आणि लाइट सर्वांत जास्त जाते त्या जुलै-ऑगस्टमध्येच पॅनेलला पुरेसं ऊन मिळत नाही.

बचतीसाठी नको, अंधारासाठी करा. स्वयंपाकघर आणि जिना, पाच-पाच वॉटचे दोन बल्ब, फ्यूज, अडीचची वायर, चांगली बॅटरी. जुनी बॅटरी दुकानदाराला द्या. नवी घेताना तो जुनीच्या बदल्यात काही पैसे कमी करतो.