‘शुगर-बीपीवाला वाचत नाही’ : फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

भातलावणीच्या दिवसांपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ज्याला आधीपासून शुगर, बीपी, हृदयविकार किंवा किडनीचा त्रास आहे तो मोठ्या आजारातून वाचत नाही, हे कोरोनात सिद्ध झाले, अशा माणसाला आयसीयूत ठेवणे म्हणजे नुसते बिल वाढवणे, मोठा आजार झाला की जुन्या सगळ्या गोळ्या ताबडतोब बंद कराव्यात, नाहीतर औषधे एकमेकांशी भांडतात आणि किडनी जाते, ज्याला आधी काही नाही त्याने घाबरू नये, आणि दवाखान्यात भरती करताना जुने आजार सांगू नयेत, कारण मग डॉक्टर हात वर करतात आणि विमाही मिळत नाही.

हा संदेश आमच्या भावकीच्या गटावर आला तेव्हा देवगड तालुक्यातले आमचे आतोबा लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या ‘लेप्टो’ या जंतुसंसर्गाने, रुग्णालयात होते. त्यांना कित्येक वर्षांचा मधुमेह आहे. लघवी कमी झाली होती, मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढत होते आणि डॉक्टरांनी डायलिसिसचे विचारले होते. आत्याने मला फोन करून विचारले, “शुगरवाल्याला उपयोग नाही म्हणतात, मग त्यांचे हाल कशाला करायचे?” आतोबा आता घरी आहेत. एक माणूस बरा झाल्याने कोणताच सिद्धांत खरा किंवा खोटा ठरत नाही, म्हणून त्यांचे उदाहरण मी पुरावा म्हणून देत नाही. पण मृत्यूशी झुंजणाऱ्या माणसाच्या बायकोला तो प्रश्न विचारायला लावणारा मजकूर अनुत्तरित राहू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिला दावा अर्धा खरा आहे आणि त्यातला खरा भाग मान्य करावाच लागेल. आधीचे आजार, ज्यांना आता सहव्याधी म्हणतात, गंभीर आजारात जगण्याची शक्यता कमी करतात. ज्याचे हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसे आधीच निम्म्या बळावर चालत आहेत त्याच्यापाशी तापाचा, जंतुसंसर्गाचा किंवा शस्त्रक्रियेचा ताण सोसायला राखीव ताकद कमी असते. परंतु किती कमी, हे मोजता येते, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमके तेच टाळले आहे.

अमेरिकेतल्या मेरी चार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दाखल झालेल्या ५५९ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेऊन जुन्या आजारांना गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजही जगभरचे संशोधक ती वापरतात. गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाला १ गुण, अवयवांना इजा पोहोचवलेल्या मधुमेहाला २, मूत्रपिंडाच्या मध्यम किंवा तीव्र विकाराला २, यकृताच्या तशाच विकाराला ३, शरीरात पसरलेल्या कर्करोगाला ६, अशी ती मांडणी आहे. ज्यांचा गुण शून्य होता त्यांच्यापैकी १२ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले. १ ते २ गुण असलेल्यांत २६ टक्के, ३ ते ४ मध्ये ५२ टक्के, आणि ५ किंवा त्याहून अधिक गुण असलेल्यांत ८५ टक्के. फरक प्रचंड आहे आणि तो कोणी नाकारत नाही. पण १ ते २ गुणांच्या गटाकडे पुन्हा पाहावे : शंभरांतले चौऱ्याहत्तर रुग्ण वर्षानंतर जिवंत होते, आणि तेही चाळीस वर्षांपूर्वीच्या उपचारांवर. गावातल्या बहुतेक ‘शुगरवाल्यां’ची जागा याच गटात आहे. शिवाय नुसत्या उच्च रक्तदाबाला या यादीत स्थानच नाही. रक्तदाबाने पुढे हृदय, मेंदू किंवा मूत्रपिंड बिघडवले तर त्या बिघाडाचे गुण मोजले जातात. म्हणजे संदेशातल्या पहिल्याच ओळीने ज्यांना मृत्यूच्या दारात उभे केले आहे, त्यांतल्या बीपीची रोज एक गोळी घेणाऱ्या माणसाचा गुण शून्य येतो.

२०११ साली कॅनडातल्या संशोधकांनी हेच गुण नव्याने तपासले आणि सहा देशांतल्या रुग्णालयांच्या नोंदींवर पडताळून पाहिले. त्या सुधारित मांडणीत गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाचा गुण १ वरून शून्यावर आला. मधुमेह निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. मूत्रपिंड, डोळे, नसा यांना इजा झालेल्या मधुमेहाला त्यातही १ गुण आहे. नियंत्रणात ठेवलेला आजार आणि मोकाट सुटलेला आजार यांत केवढे अंतर आहे, ते मात्र यातून दिसते. कोरोनाने सिद्ध केले असेल तर तेही हेच. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने जे रुग्ण गाठले त्यांच्यात अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडचा मारा या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या.

सगळ्या गोळ्या बंद करण्याचा सल्ला या संदेशातला सर्वांत घातक भाग आहे आणि त्याने माणसे मरू शकतात. तापात माणूस जेवत नसला तरी शरीरातली साखर वाढते, कारण आजाराच्या ताणात स्रवणारी संप्रेरके ती वाढवतात. अशा वेळी ‘जेवण नाही म्हणून इन्सुलिन नाही’ असे ठरवले तर रक्तात आम्ल साठते आणि रुग्ण बेशुद्धीत जाऊ शकतो. मग तो लेप्टोने गेला की इन्सुलिन थांबवल्याने गेला, हे घरच्यांना कधीच कळत नाही. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याने ते एकाएकी सोडले तर ऐन आजारपणात रक्तदाब कोसळू शकतो. हृदयाच्या ठोक्यांवर ताबा ठेवणाऱ्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तर छातीत कळ उठून झटका येऊ शकतो. फिट्सच्या गोळ्या तोडल्या तर एकामागून एक फिट्स येऊ शकतात. ‘दोन आजारांची औषधे भांडतात’ या एका वाक्याच्या जोरावर हे सगळे धोके पत्करायला सांगणे अक्षम्य आहे.

इथेही एक अर्धसत्य आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले असेल किंवा मूत्रपिंडावर परिणाम दिसत असेल तर मधुमेहावरचे मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे डॉक्टर काही दिवस थांबवतात, आणि रुग्ण खातापिता झाला की पुन्हा सुरू करतात. पण कोणती थांबवायची, कोणती अर्धी करायची आणि कोणती वाढवायची हे रक्ताचा अहवाल पाहून ठरते. मला सर्वांत जास्त चीड येते ती या गोष्टीची की, बीपीची गोळी ‘किडनीसाठी’ बंद करणारी हीच मंडळी अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक आणून देतात. पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाला खरी इजा करणाऱ्या औषधांत ते अग्रभागी आहे.

चार्लसन यांच्याच अभ्यासातला दुसरा भाग इथे लागू पडतो. स्तनाच्या कर्करोगाच्या ६८५ स्त्रियांवर त्यांनी ही पद्धत दहा वर्षांच्या नोंदींनिशी तपासली. जुन्या आजारांनी झालेले मृत्यू शून्य गुणाच्या स्त्रियांत ८ टक्के होते, तर ३ आणि त्याहून अधिक गुण असलेल्यांत ५९ टक्के. हे मृत्यू कर्करोगाचे नव्हेत, सोबतच्या आजारांचे आहेत. ज्या आजाराने माणूस जाण्याची भीती आहे त्याच आजाराची औषधे बंद करायची, हे कोणते शहाणपण?

आयसीयूच्या दाव्याबद्दल फार लिहीत नाही. उपचार कुठवर न्यायचे हा प्रश्न काही कुटुंबांपुढे खरोखर येतो. अनेक अवयव निकामी झालेल्या, आधीपासून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाबाबत डॉक्टरांशी तसे बोलणे योग्यही असते. परंतु तो निर्णय त्या माणसाची हिंडण्या-फिरण्याची ताकद, त्याची इच्छा आणि आजार उलटण्याची शक्यता पाहून घ्यायचा असतो, नुसती ‘शुगर आहे’ म्हणून नाही. लेप्टोमधला मूत्रपिंडांचा बिघाड योग्य उपचार मिळाल्यास बहुतेकदा भरून येतो, म्हणून तिथे डायलिसिस काही दिवसांपुरते लागते. त्यात आपल्याकडे देवगडहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय, आणि तिथून गरज पडली तर कोल्हापूर किंवा गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय, एवढी अंतरे आहेत. संदेश वाचून घरच्यांनी विचार करण्यात एक रात्र घालवली तर ती रात्र परत मिळत नाही.

‘आधी काही नाही त्याने घाबरू नये’ हेही चुकीचेच. आपल्याकडे ‘काही नाही’ याचा अर्थ बहुधा ‘कधी तपासले नाही’ असा असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे २०२३ साली आलेले निष्कर्ष सांगतात की प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आहेत आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. यांतल्या अनेकांना ते ठाऊकही नसते. आणि लेप्टो तर चिखलात उभ्या असलेल्या धडधाकट तरुणालाही पायाच्या चिरेतून गाठतो.

जुने आजार लपवण्याचा सल्ला उरला. मधुमेह्याला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो; मधुमेह आहे हे ठाऊक असेल तर डॉक्टर नुसत्या धापेवरही ईसीजी काढतील. मूत्रपिंड अधू असल्याचे कळले तर अनेक प्रतिजैविकांची मात्रा कमी करतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे लपवले तर शस्त्रक्रियेत रक्त थांबणार नाही. विम्याबद्दलची भीतीही अर्धवट माहितीवर उभी आहे. आयुष्मान भारत योजनेत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत. खाजगी विम्यात जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी तो ४८ महिने होता. उलट माहिती दडवणे हेच तिथे दावा नाकारला जाण्याचे एक कारण ठरते. तेव्हा रुग्णाला गाडीत घालताना त्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरून सोबत घ्यावीत, शेवटचा साखरेचा आणि क्रिएटिनिनचा अहवाल त्यात ठेवावा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते कागदावर लिहावे, आणि ती पिशवी पहिल्या भेटणाऱ्या डॉक्टरच्या हातात द्यावी.