आत्याबाईला मिशा फुटतात तेव्हा

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, हे आपण लहानपणी ऐकलं आणि हसून विषय सोडून दिला. तिथेच नुकसान झालं. त्याच जर-तरच्या मिशांवर तिकडच्या लोकांनी व्हिडिओ गेमचा केवढा धंदा उभा केला! १९९६च्या 'रेड अलर्ट'मध्ये आइन्स्टाइन भूतकाळात जातो, हिटलरशी हस्तांदोलन करतो आणि हिटलर गायब. मग रान मोकळं बघून स्टालिन युरोपवर चालून येतो. आता तुम्हीही असाच एखादा जर-तरचा गेम काढायचं मनावर घेतलं असेल, तर चार गोष्टी ऐकून ठेवा.

आधी शत्रू ठरवा. इतिहास काय, मागाहून बघता येतो. २०११च्या 'होमफ्रंट'चा कित्ता गिरवा. अमेरिकेवर परचक्र येतं, अशी कथा. पहिल्या आराखड्यात चढाई करणारा चीन होता. सैन्य आहे, पैसा आहे, माणसंही भरपूर. म्हणजे भूमिकेला शोभणारा. पण चाचणीसाठी बोलावलेल्या लोकांना चीनची भीतीच वाटेना, असं कंपनीच्याच माणसाने सांगितलं. घरातली निम्मी वस्तू जिथून येते त्याला कोण घाबरणार? चीन चिडेल ही धास्ती कंपनीला मात्र होती, हेही पुढे बाहेर आलं. मग उभा केला उत्तर कोरिया. याने आधी दक्षिण कोरिया पोटात घालायचा, मग जपान, आणि २०२७पर्यंत थेट कोलोरॅडोतल्या मॉन्ट्रोझ गावात ठाण मांडायचं! कसं, ते विचारू नका. उत्तर कोरियात आपलं गिऱ्हाईक नाही, एवढं कारण पुरे. जपानी आवृत्तीत तर त्या देशाचं नावही गेलं; 'उत्तरेकडचा देश' म्हणून भागवलं. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं.

मग जाहिरात. ती गेमपेक्षा मोठी हवी. याच 'होमफ्रंट'साठी मार्च २०११मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दहा हजार लाल फुगे सोडले. आकाशातून संदेश येतोय, अशी कल्पना. नेमका पाऊस आला, आणि संदेश खाडीच्या पाण्यात जाऊन पडला. लोक ओरडल्यावर कंपनीने सांगितलं, फुगे कुजणारे आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये गेम बनवणारा स्टुडिओ बंद झाला आणि पुढच्या वर्षी प्रकाशक टीएचक्यू दिवाळखोरीत गेली. फुग्यांचं नक्की काय झालं ते खाडीला माहीत.

गेमबरोबर वस्तू देणार असाल तर कापड तपासून घ्या. 'फॉलआउट'च्या जगात दुसऱ्या महायुद्धानंतर काळाने वेगळीच वाट धरली आहे. २०१८मध्ये त्यातल्या 'फॉलआउट ७६'च्या दोनशे डॉलरच्या संचात कॅनव्हासची पिशवी कबूल केली होती. हातात पडली नायलॉनची. भरपाई म्हणून दिलं काय, तर गेममधलंच पाचेक डॉलरचं चलन. पर्यायी इतिहास ऐकला होता, पर्यायी पिशवी हा शोध खास त्यांचा.

आणि धाडस दाखवा, पण गिऱ्हाइकाचा पत्ता बघून. 'वुल्फेन्स्टाइन' मालिकेत १९८१पासून नाझींना बडवणं चालू आहे. २०१७च्या भागात नाझींनी जिंकलेली अमेरिका आहे. ट्रम्प यांच्या टोपीवरच्या 'अमेरिका पुन्हा महान करा'च्या चालीवर 'अमेरिका पुन्हा नाझीमुक्त करा' अशा घोषणेने जाहिरात झाली, तेव्हा काही अमेरिकनांना ती टोपी बरोब्बर बसली आणि ते रागावले. जर्मनीत त्याच गेमची तऱ्हा निराळी. तिथल्या नियमांच्या भीतीने स्वस्तिकं काढली, ज्यूंचे उल्लेख काढले, हिटलरचा 'हायलर' केला आणि त्याची मिशी भादरली! नाझींविरुद्धचा गेम, आणि त्यातून ज्यू गायब. ऑगस्ट २०१८पासून तिथे प्रत्येक गेमचा वेगळा विचार करून अशा चिन्हांना मुभा मिळू लागली. तोवर मिशी गेलेली होती. तात्पर्य, आत्याबाईला फुटलेल्या मिशा बाजार बघून काढूनही ठेवता येतात.

तारखेच्या भानगडीत पडू नका. १९५५च्या कल्पित, यंत्रमानवांनी समृद्ध सोव्हिएत संघाचा 'अ‍ॅटॉमिक हार्ट' २१ फेब्रुवारी २०२३ला आला. रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याला वर्ष व्हायला तीन दिवस बाकी होते. युक्रेनच्या मंत्रालयाने विक्री थांबवायला सांगितलं. बाकीचं जग त्या गेममधल्या जुळ्या यंत्रनर्तकींची चित्रं बघत होतं.

आता तुमच्या मनातलं ओळखतो: पानिपत. स्वाभाविक आहे. २००९च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे घेऊन खेळता येतं, आणि अटकेपार न थांबता लंडनपर्यंत भगवा नेणारे वीर आपल्यात आहेत. पण स्वतः गेम काढताना जपा. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून का उतरले, मल्हारराव रणांगणातून कधी निघाले, यातलं काहीही दाखवलंत, तरी कुणी ना कुणी दुखावणार. नजीबखानाचं नाव तर निवडणुका बघूनच घ्या. त्यापेक्षा मुख्य शत्रू म्हणून जानेवारीची थंडी ठेवा. सैन्य उपाशी होतं, तेव्हा इतिहासालाही धरून आहे, आणि थंडीचे वंशज निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीवर जात नाहीत.