पुण्याला निघालास? आमचूर वर ठेव

भाऊ, धडगावहून पुण्याला निघालास ना, मग आपल्या याहामोगी देवीचं नाव घे आणि आईने बांधून दिलेलं आमचूर पिशवीत वरच ठेव. खोलीमालकाला द्यायला बरं पडतं. मात्र आडनाव विचारायच्या आत द्यायचं. ‘पावरा’ हे आदिवासी आडनाव ऐकलं की ‘म्हणजे नेमके कोण?’ सुरू होतं. खोटं बोल असं मी म्हणत नाही, डिपॉझिट भरून झाल्यावर खरं बोल एवढंच. त्यांच्या हॉलमध्ये वारली चित्र दिसेल, त्यावर भुलू नकोस. भिंतीवरचा आदिवासी भाडं थकवत नाही.

सरकारी आदिवासी वसतिगृहात नंबर लागला तर मेसच्या जेवणाची तक्रारच नाही. २०१८मध्ये शहरांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचं ठरलं. ते कधी जमा होतात, हे गृहपालांना विचारून त्यांना अडचणीत आणू नये. त्या वर्षी काही पोरं हेच विचारायला पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाली होती. चालल्यावर भूक वाढते, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

आईशी पावरीत बोलायचं तर गच्चीवर जा. रूममेटने ‘ही कुठली भाषा?’ विचारलं तर ‘गावठी मराठी’ म्हण, विषय संपतो.

असा सहा महिन्यांत पुरता पुणेकर झालास की जात पडताळणीचं काम निघेल. मग सगळं उलटं करायचं. आजोबांचा १९५०पूर्वीचा पुरावा आण. आजोबा शाळेतच गेले नाहीत? फार दूरदृष्टी नव्हती त्यांना. पुढे आप्तभाव चाचणी, म्हणजे तू खरंच त्या जमातीचा का हे रीतिरिवाज विचारून तपासणं: देव कोणते, लग्नात काय करता, मेलेल्याला पुरता की जाळता? पुन्हा गच्चीवर जा, आईला विचार, पाठ कर. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये सांगितलंय. तरी पाठांतर असू दे. ज्यांचे दाखले अवैध ठरले त्यांना सरकारने २०१९मध्ये अधिसंख्य, म्हणजे जादा तयार केलेल्या पदांवर नोकरीत सांभाळून घेतलं. त्यामुळे काळजी काय ती खऱ्या दाखल्यावाल्यांनीच करायची.

नोकरी लागल्यावर एथनिक डेला तुला हमखास नाचायला सांगतील. नाच. पण होळीला पाच दिवस सुट्टी मागताना भोंगऱ्या बाजार, पाळणीचं व्रत असलं काही समजावत बसू नकोस, सरळ ‘काका वारले’ म्हण. माझे आजवर सहा काका वारलेत. मागच्या होळीला काठी गावात सगळे भेटले, दोघांच्या गळ्यात ढोल होता.