सहाव्या वर्षी कॉम्पिटिशन बॅच नाही तर पोर वाया? काहीही!

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, ‘मुलाला स्विमिंगला घालताय? आधी हे वाचा’. त्यात काय, तर सहाव्या वर्षीच कॉम्पिटिशन टीमला घाला, हॉबी बॅच म्हणजे पैसे पाण्यात. दिवसाला दोन सेशन, बारा महिने, सुट्टी नाही. सोसायटीच्या पूलवर शिकवू नका. दहावी-बारावीच्या बोर्डात खेळाचे जादा मार्क मिळतात, उंची वाढते, आणि कोच ओरडणाराच हवा. हे वाचून माझ्या दादाने त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, लर्नर्स म्हणजे नवशिक्यांच्या बॅचमधून काढून थेट पहाटेच्या कॉम्पिटिशन बॅचला टाकलं. ती सात वर्षांची आहे, आत्ता कुठे हातपाय मारत पलीकडच्या काठाला पोचायला लागलीय. म्हणून हे लिहितेय, नाहीतर असल्या मेसेजला कोण उत्तर देत बसतं.

पहिलं, ‘सहानंतर उशीर’. फॉरवर्डमध्ये ऑलिंपिकवाल्या मायकेल फेल्प्सचं नाव टाकलंय. अहो, फेल्प्स पोहायला लागला सातव्या वर्षी, आणि त्याला तोंड पाण्यात घालायलाच नको वाटायचं म्हणून आधी बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहणं, शिकवलं! आणि एवढं लांब कशाला जायचं, आपले मुरलीकांत पेटकर बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर पोहण्याकडे वळले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये, ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण घेऊन आले, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. आता सगळेच काही पेटकर होत नाहीत, मान्य, पण मग सगळे फेल्प्स तरी कुठे होतात?

आता ते दोन सेशन आणि बारा महिने. माझं डोकं फिरलं ते इथे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था, तिचा २०१६ चा रिपोर्ट याच विषयावर आहे. त्यात म्हटलंय की एकाच खेळाला वाहून घेणं साधारण १५-१६ वयापर्यंत लांबवा, आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळाला सुट्टी द्या, आणि वर्षभरात मिळून तीन महिने तो खेळ बंद, एकेक महिन्याच्या तुकड्यांनी चालेल. का, तर एकच हालचाल हजारो वेळा केली की वाढत्या सांध्यांना इजा होते आणि मनही विटतं. स्विमिंगमध्ये हे आधी खांद्यात निघतं, ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांच्या, म्हणजे बेडकासारखे पाय मारणाऱ्यांच्या, गुडघ्यात.

भाचीच्या त्या पहाटेच्या बॅचला मी स्वतः जाऊन बसले. एका लेनमध्ये दहाबारा पोरं, पुढे तेरा-चौदाची, मागे ही चिमुरडी. मोठ्यांचा वॉर्म-अपच चारशे मीटरचा, ही एक लांबी मारली की लेनची दोरी पकडून खोकतेय, फेरी मारून मागून आलेल्या मोठ्याचा हात हिच्या पायावर बसतोय, मग घाईघाईत श्वासासाठी तोंड बाजूला वळवायच्या ऐवजी मान सरळ वर काढतेय. मान वर गेली की कंबर खाली, पाय बुडतात, मग अजून जोर लावायचा, अजून दम लागायचा. म्हणजे तिथे ती जोरात पोहायला नाही, चुकीचं पोहायला शिकतेय, आणि ही सवय मोडायला पुढे कोचच वेगळी फी घेणार.

माझं म्हणणं सोपं आहे. आधी लर्नर्स, मग स्ट्रोक करेक्शन आणि चारही स्ट्रोक नीट, तेही आठवड्याला तीनेक दिवस, आणि पोर स्वतः ‘मला रेस मारायचीय’ म्हणालं की स्क्वॉड, म्हणजे स्पर्धेची टीम. रेस नको असेल तर वॉटर पोलो हा पाण्यातला चेंडूचा खेळ आहे, मोठं झाल्यावर समुद्रातलं पोहणं आहे, मालवणला चिवला बीचवर स्पर्धा होतातच की.

सोसायटी पूलच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने म्हणते. वाकड्यातिकड्या आकाराच्या पूलमध्ये लेन नाहीत, टर्न, म्हणजे काठाला वळणं, शिकता येत नाही. आणि स्टार्टिंग ब्लॉकवरून, म्हणजे रेस सुरू करायच्या चौथऱ्यावरून, उडी मारायला आंतरराष्ट्रीय नियमाने कमीत कमी १.३५ मीटर खोली लागते, सोसायटीचे बरेच पूल चार फुटांचे. पण सात वर्षांच्या मुलीला तरंगायला आणि श्वास धरायला-सोडायला काय ऑलिंपिकचा पूल लागतो?

बोर्डाचे मार्क मिळतात, खरंय, पण राज्याच्या शालेय जलतरण स्पर्धांचा सगळ्यात लहान गट १४ वर्षांखालचा असतो. सहाव्या वर्षाचा त्याच्याशी काय संबंध? उंचीचं तर सोडूनच द्या, पोहून कुणी उंच होत नाही, उंच पोरं जिंकतात म्हणून तिथे उंच पोरं दिसतात.

ओरडणारा कोच. हे लिहिणाऱ्याला पाण्यात घाबरलेलं मूल कसं दिसतं ते माहीतच नाही बहुतेक. घाबरलेलं मूल अंग आवळतं, आणि अंग आवळलं की तरंगणं संपलं. कोच पालकांना गॅलरीत बसू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. बसू दिलं तर एका कोचमागे किती मुलं आहेत ते मोजा आणि लाइफगार्ड कोण आहे ते विचारा. ‘मीच आहे ना’ म्हणाला तर ती बॅच नको, कारण सराव चालू असताना त्याचे डोळे स्टॉपवॉचवर असतात.