मालक बोलले म्हणजे काय बोलले?

छोटा व्यवसाय चालवणाऱ्याला लोक विचारतात, भांडवल कसं उभं केलं, गिऱ्हाईक कुठून मिळतं. सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत तशीच राहते का, हे कुणीच विचारत नाही. खरं दुखणं तिथं आहे.

माझा धंदा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा. माणसं मला धरून सात. खोक्याला लांबी, रुंदी आणि उंची एवढंच असतं, त्यात गैरसमज कसला व्हायचा, असं बाहेरच्याला वाटेल. पण माप आतलं की बाहेरचं, इथूनच महाभारत सुरू होतं. आतल्या मापावरून बाहेरचं काढायचं तर लांबी-रुंदीत पुठ्ठ्याची जाडी दोनदा धरावी लागते आणि उंचीत चारदा, कारण वरच्या-खालच्या दुमडायच्या पाळ्या एकीवर एक बसतात. फाइव्ह प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या जाड पुठ्ठ्यात हा हिशेब चुकला, की गिऱ्हाइकाची वस्तू खोक्यात शिरत नाही. अशा वेळी ‘दाबली तर बसेल’ हे आमच्याकडचं तांत्रिक मत असतं.

मी रोज सांगतो, “माप आतलं धरा.” सगळे माना डोलावतात. मान डोलावणं हा आमच्याकडे बहुधा मानेचा व्यायाम आहे.

सात माणसांत जोड्या किती होतात, हे एकदा मी कागदावर मांडलं. एकवीस! म्हणजे एक वाक्य बिघडायला एकवीस रस्ते. आठवा माणूस घेतला की अठ्ठावीस. तेव्हापासून कुणी ‘कामाला माणूस वाढवा’ म्हणालं, की मला हातांच्या आधी ते सात नवे रस्ते दिसतात.

त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की माझं दुखणं शास्त्रमान्य आहे. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याची लय टेबलावर बोटांनी वाजवायची, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. हे वाचून मला फार बरं वाटलं. मी मशीनवरच्या काकांना उत्साहाने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “मग टेबल घ्यायचंय का आपल्याला?”

पुढे मी विमानवाल्यांची पद्धत उचलली. नियंत्रण कक्षातून सूचना आली की वैमानिक ती तशीच परत म्हणून दाखवतो, म्हणजे काय ऐकलं ते दोघांनाही कळतं. उत्तम पद्धत. आमच्याकडे मात्र सूचनेबरोबर माझा आवाज, माझं घसा खाकरणं आणि कपाळाला हात लावणंही परत येऊ लागलं. पॅकिंगवरचा मुलगा तर इतका हुबेहूब करायचा, की बाकीचे त्याला पुन्हा करायला लावत. त्या दिवसांत मापं जराशी सुधारली, हे मान्य करायला हवं. माझा दरारा मात्र कायमचा गेला.

आणि गंमत अशी, की जे मी सांगतच नाही, ते सगळ्यांना अचूक कळतं. गाडीचं दार किती जोरात लावलं, त्यावरून गिऱ्हाइकाने पैसे दिले की तारीख दिली, हे आत पोचायच्या आधी ठरलेलं असतं. मी हिशेबनीस बाईंशी दार लावून बोललो तर कुणाची तरी नोकरी जाणार. दार उघडं ठेवून बोललो तर मुद्दाम ऐकवतोय.

परवा फोनवर कुणाला तरी म्हणालो, “परवडत नाही हो, बंदच करून टाका.” विषय एका जुन्या फोन कनेक्शनचा होता. चहाच्या सुट्टीपर्यंत एकवीसच्या एकवीस रस्त्यांवरून ते वाक्य गेलं आणि वाटेत एक अक्षरही सांडलं नाही! काका येऊन म्हणाले, “साहेब, आधी सांगितलं असतं तर दुसरीकडे बघितलं असतं.” मी सगळ्यांना गोळा करून खुलासा केला. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे कुणालाच पटलं नव्हतं.

पण त्यातून मला वाट सापडली. नेतृत्वावर व्याख्यानं देणारे पारदर्शकतेबद्दल पुष्कळ बोलतात. आमच्या कारखान्यात तरी अपारदर्शकतेतूनच सगळं आरपार दिसतं. आता महत्त्वाची ऑर्डर आली की मी सूचना देत नाही. मशीनजवळच्या खांबाआड उभा राहतो, बंद फोन कानाला लावतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, “हो, हो, आतलंच. बाहेरचं मुळीच नाही. आमच्या माणसांना इतक्यात काही कळता कामा नये.”

माल अचूक निघाला. गिऱ्हाइकाने पुन्हा ऑर्डर दिली. संध्याकाळी हिशेबनीस बाई केबिनमध्ये आल्या, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “साहेब, मी कुणाला सांगणार नाही. पण ते आतलं प्रकरण नक्की काय आहे?”